उंबऱ्याच्या आत

मेलकावेरी गावातल्या घरात त्रिविक्रम सकाळपासून कोऱ्या कागदापुढे बसला होता. प्रोग्राम लिहायच्या एका परदेशी एडिटरसाठी त्याला चुका पकडणारं प्लग-इन करायचं होतं. एडिटरच्या पोटातच बसवलं तर दोन महिन्यांचं काम. पण मागच्या खेपेला कंपनीने नवी आवृत्ती काढली आणि त्याची वर्षभराची मेहनत एका दिवसात मुकी झाली. स्वतंत्र करायचं तर दोन वर्षं, आणि तेवढा दम आता त्याच्यात उरला नव्हता.

"आतच बसव," विड्याच्या पानाला चुना लावत त्याचे वडील, अप्पा म्हणाले. "आम्ही नाही का राहिलो? इथले आमचे मराठे राजे गेले, राज्य गेलं. पण तीनशे वर्षं या तमिळ मुलखात आमची मराठी उंबऱ्याच्या आत शाबूत आहे. दुसऱ्याच्या घरात नीट राहावयास आलं म्हणजे झालं."

त्रिविक्रमला ते पटलं. त्याने पेन उचललं.

"वेदवती, थोडं पाणी आण गं," अप्पांनी नातीला हाक मारली.

सात वर्षांची वेदवती दारात आली, क्षणभर आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि आत वळून तिने आईला तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, तात्ता काय म्हणतायत?"