शिट्टीआधी

"वाजवा की टाळ्या!" मंडळाची पोरं टीव्हीसमोर ओरडली, तसे हिंदुरावनं दोन्ही हात काखेत दाबून धरले.

पडद्यावर त्यांच्याच मंडळाचा कबड्डीपटू रणधीर ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळत होता. घोट्याची पकड त्याला हिंदुरावनंच शिकवलेली. रग्बीसाठी कबड्डीपटू निवडायच्या चाचणीला दोघं एकाच एसटीनं गेले. एक पुढं विमानात बसला, दुसरा अजून दूध संघात कॅन उचलतोय. "आपला वशिला नव्हता," असं हिंदुराव सहा वर्षं सांगत आला होता.

एवढ्यात चेंडू घेऊन पळणाऱ्या एका धिप्पाड गड्याचा घोटा रणधीरनं धरला. गडी आडवा झाला. त्या खेळात पाडलेल्या गड्याला लगेच सोडावं लागतं, पण रणधीर सोडेचना. पंचानं दंड म्हणून समोरच्या संघाला किक दिली आणि त्या एका किकवर सामना गेला.

हिंदुरावच्या काळजाला गारवा मिळाला. "परदेशात गेला म्हणून अक्कल येते होय?" तो मोठ्यानं म्हणाला.

सामन्यानंतर रणधीर कॅमेऱ्यात बघून मराठीतच हसत म्हणाला, "हिंदूदादा, शिट्टी होईस्तोवर घोटा सोडायचा न्हाई, ही तुमचीच शिकवण. आज तीच नडली बघा!"

पोरांनी वळून हिंदुरावसाठी टाळ्या वाजवल्या. त्याचे हात काखेतून निघेनात. चाचणीतल्या कबड्डीच्या डावात असाच धिप्पाड गडी मुसंडी मारून आला, तेव्हा शिट्टीआधी घोटा हिंदुरावनंच सोडला होता. शेजारी रणधीर उभा होता, आणि सहा वर्षांत त्यानं त्याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता.