एव्हारिस्तोचं अजून ठरत नव्हतं

"काका, दार उघडा! गाडी चालूच ठेवून आलेय."

एव्हारिस्तो पडद्याआड श्वास रोखून उभा होता. अडुसष्ट वर्षांचा माणूस. फिनिक्समधल्या निम्म्या छपरांवर त्याने कौलं चढवली होती, आणि आज तेवीस वर्षांच्या पोरीला घाबरून तो स्वतःच्याच घरात लपला होता. मतदानाचा दिवस उजाडला होता. यारेत्सी त्याला केंद्रावर न्यायला आली होती.

दोष त्याचाच होता. सप्टेंबरच्या उन्हात प्रचाराला ती पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या यादीत त्याच्या बायकोचं, एर्लिंदाचं नाव होतं. एर्लिंदा मार्चमध्येच गेली, असं त्याने सांगितलं. पोरगी हळहळली, यादीवर खूण केली आणि जाता जाता सहज म्हणाली, "आणि काका, तुम्ही कुणाला देणार?"

घरात मत फक्त एर्लिंदाला होतं, एवढंच त्याला सांगायचं होतं. ती परीक्षा देऊन, शपथ घेऊन नागरिक झाली. हा एकोणतीस वर्षं ग्रीन कार्ड खिशात घालून 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत राहिला. पण अख्ख्या उन्हाळ्यात त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. तोंडून निघून गेलं, "अजून ठरलं नाही."

या तीन शब्दांत एवढी जादू असेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. यारेत्सी दर आठवड्याला येऊ लागली. दुसऱ्या पक्षाचा एक उंच, उन्हाने लालबुंद झालेला पोरगाही येऊ लागला. त्याने तर बोलता बोलता अंगणातला पालाही झाडून दिला. एव्हारिस्तो दोघांनाही जास्वंदीचं गार सरबत पाजायचा, दोघांचंही ऐकून घ्यायचा आणि कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "मुद्दा आहे. पण विचार करावा लागेल."

टीव्हीवरचे कोटवाले सांगत, यंदा ॲरिझोनाचा निकाल लॅटिनो मतदारांच्या हातात आहे, आणि त्यातही ज्यांचं अजून ठरलेलं नाही त्यांच्या. एव्हारिस्तो आवाज मोठा करी. खाटकाच्या दुकानात तो घसा खाकरून बोलू लागला. पाहणीवाल्यांचा फोन आला, तेव्हा महागाई, सीमा आणि शाळा यांवर त्याने पाऊण तास मतं दिली. त्याच्याकडे मतं भरपूर होती. मत तेवढं नव्हतं.

"गुडघा धरलाय," दाराच्या फटीतून तो म्हणाला.

"तुम्हाला कुठे डोंगर चढायचाय? गाडीत तर बसायचंय."

"रक्तदाबही जरा..."

"काका."

त्याने दार उघडलं. चौकटीकडे बघत म्हणाला, "पोरी, मला मत नाहीये. कधीच नव्हतं. मी नागरिक नाही. तुला फुकट खेपा घालायला लावल्या. दे शिव्या."

"माहितीय मला."

"काय माहितीय?"

"पहिल्या दिवसापासून. या घरातलं एकच नाव होतं माझ्या यादीत."

एव्हारिस्तोचे कान तापले. "म्हणजे नऊ आठवडे माझी गंमत बघत होतीस?"

"थोडीशी बघत होते," यारेत्सी हसली. "विचार करताना तुमचा चेहरा काय व्हायचा! पण काका, या गल्लीत बासष्ट दारं आहेत. चाळीस उघडतच नाहीत. एकाने तर अंगावर कुत्रा सोडला. बेचाळीस डिग्रीत बसायला खुर्ची देणारं दार तुमचं एकट्याचं."

त्याला हसू फुटलं. इतकं, की डोळे पुसावे लागले.

"मग आज कशाला आलीस?"

"मागच्या गल्लीतल्या तोमासा आजींना मत आहे. पण परक्या पोरीच्या गाडीत बसत नाहीत. म्हणतात, ओळखीचा बाप्या आण. चला."

गुडघा विसरून तो गाडीत बसला. तोमासा आजी एक्याऐंशी वर्षांच्या, पर्स मांडीवर घट्ट धरून मागे बसल्या. नऊ आठवड्यांत गोळा झालेलं ज्ञान कुणाच्या तरी उपयोगी पडावं, म्हणून एव्हारिस्तोने मान वळवून सुरुवात केली, "हे बघा आजी, दोन्ही बाजूंचे मुद्दे..."

"गप बस रे," आजी म्हणाल्या. "माझं केव्हाच ठरलंय."

केंद्र एका शाळेत होतं. आजी काठी टेकत आत गेल्या. ही दोघं गाडीपाशी उभी राहिली. पाच मिनिटं गेली.

"तू का थांबलीस?" एव्हारिस्तो म्हणाला. "तो प्रचाराचा बिल्ला माझ्याकडे दे आणि जाऊन ये. रांग छोटी आहे."

यारेत्सीने शाळेच्या दाराकडे पाहिलं. "मी चार वर्षांची होते, आई मला कडेवर घेऊन इकडे आली. कामाचा परवाना आहे मला, काका. गाडी चालवता येते, दारं ठोठावता येतात. आत नाही जाता येत."

नऊ आठवडे ही पोरगी समोर बसत होती, आणि तिला तिचं असं एव्हारिस्तोने एकदाही काही विचारलं नव्हतं. सगळा वेळ विचार करण्यात गेला होता.

तेवढ्यात आजी बाहेर आल्या. ब्लाउजवर मत दिल्याची चिकटपट्टी होती. दोघांना सावलीत उभं बघून त्या तिथूनच करवादल्या, "काय ऐदी माणसं! मला म्हातारीला घराबाहेर काढलंत आणि स्वतः इथे उभे? जा, देऊन या पटकन. मी थांबते."

एव्हारिस्तो आपल्या बुटांकडे बघू लागला. यारेत्सीने पुढे होऊन आजींच्या हातातली काठी घेतली आणि गाडीचं दार उघडलं.

"आमचं देऊन झालं, आजी. तुम्ही आत होतात ना, तेव्हाच."