ऑगीचं मत

“क्वार्टरबॅकच घ्या,” ऑगी म्हणाला, आणि वॉलीच्या चिमट्यातलं सॉसेज चिमट्यातच राहिलं.

ऑगीच्या तोंडून हे वाक्य वॉलीच्या गॅरेजमध्ये आजवर कुणी ऐकलं नव्हतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, साऱ्या शहराचा लाडका. त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहून मार खाणारे ते लाईनमन. ऑगी शाळेत असताना स्वतः लाईनमन होता. दर एप्रिलला संघांनी कॉलेजातली पोरं निवडायची वेळ आली, की तो याच खुर्चीत बसून टेबल बडवायचा. “आधी भिंत बांधा रे, मग राजपुत्र आणा!” वॉली क्वार्टरबॅकच्या बाजूने घसा कोरडा करायचा. दोघांची चांगली जुंपली की वॉलीची बायको लॉरेटा उकडलेल्या करंज्यांसारख्या पिरोगीचं ताट मध्ये आणून आदळायची.

यंदा त्यांच्या शहराच्या संघाने, मॅमथ्सनी, हंगामभर इतका मार खाल्ला होता, की तळाच्या संघाने आधी निवडायचं या नियमाने त्यांचा नंबर दुसरा लागला होता. लोकांच्या तोंडी दोनच पोरं होती. टेक्ससचा एक क्वार्टरबॅक आणि आयोवाच्या शेतावरचा, दारातून आडवा होऊन शिरणारा एक लाईनमन. भांडायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. आणि ऑगी न भांडताच वॉलीच्या बाजूला आला होता.

वॉलीच्या मनात पाल चुकचुकली. खरं तर ती महिनाभर चुकचुकतच होती. चर्चमध्ये शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला वॉलीने लांबून हात केला, तर ऑगी ओळख न दाखवता निघून गेला. मग तो एका गाडीतून उतरताना दिसला, आणि त्या गाडीच्या मागच्या काचेवर बॅजर्सचा पिवळा स्टिकर! दरसाल मॅमथ्सना धुऊन वाळत घालणारे बॅजर्स! त्यावर कडी म्हणजे काल लॉरेटा बातमी घेऊन आली, की ऑगीने स्टेडियमचा हंगामाचा पास सोडला. म्हणजे वॉलीच्या शेजारची खुर्ची. वॉलीचा बाप गेला त्या आठवड्यात त्याच खुर्चीतून ऑगीने चकार शब्द न बोलता स्वतःची घोंगडी वॉलीच्या मांडीवर टाकली होती. आता तिथे कुणीतरी परका येऊन बसणार होता.

टीव्हीवर आयोवाचं पोरगं दिसलं.

“ऑगी, पाय बघ त्याचे,” वॉलीने मुद्दाम खडा टाकला. ‘चेंडूकडे बघू नकोस, पाय बघ’, हे ऑगीनेच त्याला शिकवलं होतं.

“बघितले. बरे आहेत.”

पण तो टीव्हीकडे बघतच नव्हता. त्याची नजर बाजूला भिंतीवरच्या बर्फाच्या फावड्यावर होती. वॉलीशी बोलतानाही तो त्याच्या कानापलीकडे कुठेतरी बघत होता. नजरेला नजर म्हणून देत नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते पिवळं होतं याची वॉलीला खात्री पटत चालली होती.

लॉरेटाने दोन जुनी हेल्मेटं टेबलावर उलटी ठेवली. हे दरवर्षीचं मतदान. उजव्यात क्वार्टरबॅक, डाव्यात लाईनमन, आणि ज्याने त्याने आपल्या बिअरच्या बाटलीचं झाकण टाकायचं. मॅमथ्सचा मालक या मतदानाला काडीची किंमत देत नसे, पण गॅरेजमध्ये त्याच्यावरून माणसं वर्षवर्ष अबोला धरत.

वॉलीने झाकण उचललं. ऑगी क्वार्टरबॅक म्हणतोय, म्हणजे त्यात बॅजर्सचंच भलं असणार. जन्मात पहिल्यांदा त्याने आपलं मत लाईनमनला टाकलं.

मग ऑगीने हात पुढे केला. त्याचं झाकण हेल्मेटाच्या बाहेरच पडलं आणि घरंगळत खाली गेलं.

“मत द्यायलाही हात धजत नाही ना?” वॉली उसळला. “कुणाची होती ती गाडी? पिवळ्या स्टिकरची?”

“जावयाची. बॅजर्सवाला आहे गाढव. पण बिचारा नेतो-आणतो मला.”

“का? तुझी गाडी कुठं गेली?”

“विकली.”

“आणि खुर्ची?” वॉलीचा आवाज चिरकला. “माझ्या शेजारची खुर्ची, ऑगी! तीही त्यालाच दिलीस का?”

लॉरेटाने वाकून झाकण उचललं. ते ऑगीपुढे धरलं, तरी त्याने घेतलं नाही. मग तिने त्याचा हात हातात घेतला आणि झाकण त्याच्या तळव्यावर ठेवून बोटं मिटवली.

“डोळ्यांतलं मधलंच गेलंय, वॉली,” ऑगी म्हणाला. “कडेकडेचं दिसतं थोडंफार. समोरचं नाही. तुझं थोबाड दिसत नाही आता. त्यात फार काही बुडालं नाही म्हणा.”

वॉलीला चिमटा कुठे ठेवावा ते सुचेना.

“पुढच्या हंगामाला मी आपला घरी, रेडिओ लावून.”

“अरे, पण...” वॉलीने चिमटा तसाच टेबलावर ठेवला. “मग मत तरी तुझ्या लाईनमनला दे की! सारा जन्म त्यांच्यासाठी भांडलास.”

“जीव अजून त्या आयोवाच्या पोरातच आहे माझा.” ऑगीने डाव्या हाताने टेबल चाचपलं. उजव्या हेल्मेटाची कड लागली तिथे थांबला आणि झाकण आत सोडलं. “पण रेडिओवर लाईनमनचं नाव कोण घेतं रे?”