वीस स्क्रूंची पेटी

थोरल्याचं हे वागणं मला मुळीच पटलं नाही. चर्चचे पाळकसाहेब दारात ताटकळलेत, माणसं खांदा द्यायला उभी आहेत, आणि हा गडी बापाच्या शवपेटीचं झाकण अजून बसवतोच आहे. चार स्क्रू पुष्कळ होतात. मीही चाळीस वर्षं सुताराच्या घरात काढली आहेत. ह्याने मोजून वीस काढून ठेवले होते.

दोन वर्षं हा बापाशी बोलला नाही. "तुझ्या कामात दम नाही," असं आमचे हे एकदा चारचौघांत म्हणाले आणि ते ह्याने धरून ठेवलं. रविवारी येऊन माफी मागणार होता. हे शुक्रवारीच गेले.

"आई, शंभर वर्षं हलणार नाही ही पेटी," तो खाली मान घालून म्हणाला. "आता तरी बाबांना पटेल ना गं?" आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

माझी शाळा दुसरीपर्यंतच झाली. पण येशूच्या कबरेवरचा धोंडा तिसऱ्या दिवशी बाजूला सरकलेला होता, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. मी त्याच्या हातातून पेचकस काढून घेतला.

"चार झाले ना? बाकीचे खिशात घाल. शेवटच्या दिवशी देवाची हाक आली की तुझ्या बाबांना उठून बाहेर यायचंय, त्यांना अडकवून ठेवू नकोस. माफी त्या दिवशी समोर उभा राहून माग. ते तुला जवळ कसे घेत नाहीत, बघतेच मी शेजारी उभी राहून!"