तीनशे जागांचं विमान

“बाबा, येण्याजाण्याचं तिकीट चार लाखांवर गेलंय. बघतो काहीतरी,” मेलबर्नहून निरंजन म्हणाला.

आई अंथरुणाला खिळलेली आणि पोरगा तिकिटाचं सांगतोय! भालचंद्ररावांना वाटलं, सुनेनेच अडवलं असणार. चार दिवस काहीच निरोप आला नाही, तेव्हा खरंखोटं पाहायला ते थेट ट्रॅव्हल एजंटकडे गेले.

“काका, साथीमुळे ऑस्ट्रेलियात परतताना तीनशे जागांच्या विमानात तीसच माणसं न्यायची परवानगी आहे. रिकाम्या खुर्च्यांचं भाडंही त्यांच्याच माथी. चार कुठले, पाच लागतील.”

भालचंद्रराव वरमले. बाहेर येऊन त्यांनी मुलाच्या घरी फोन लावला. सुनेने उचलला.

“बाबा, निरंजन आत्ताच विमानतळावर गेला. मी माझी गाडी विकली.”

“शलाका,” ते कसेबसे म्हणाले, “तूही यायचंस ना गं.”

“दोघांचं तिकीट नाही जमलं, बाबा.”