तीनदा नाव पुकारायचा नियम

"ताई, पुन्हा तेच पार्सल!" कुरियरवाला दारात ओशाळून हसला. ही चौथी खेप. पत्ता अगदी बरोबर होता, पण पार्सलवरच्या नावाची बाई या घरात कधीच राहिली नव्हती.

"मग परत न्या की. माझ्या गळ्यात कशाला?"

"नेतो हो. पण आधी दारात तीनदा नाव पुकारायचं. आमच्या साहेबांचं नवीन खूळ."

"पुकारा बापडे. आत लेकीशिवाय कुणी नाही, आणि ती काही ओ द्यायची नाही."

ती बोलून गेली खरी, पण लगेच जीभ चावली. लेक तीन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून एक अक्षर फुटलं नव्हतं. कान ठणठणीत आहेत असं डॉक्टर म्हणायचे, तरी स्वतःच्या नावाला पोरीने कधी मानसुद्धा वळवली नव्हती.

त्याने पार्सलवरचं नाव पुकारलं. आतल्या खोलीतली ठोकळ्यांची खटखट थांबली.

त्याने पुन्हा पुकारलं. आत पावलं वाजली.

"राहू द्या हो आता!" ती घाईने दार लोटू लागली. पण तिसरी हाक गेलीच होती.

"आले, आले," मागून एका जाणत्या बाईचा आवाज आला. "किती दिवस लावलेत!"

आणि आईच्या कमरेजवळून लेकीचा चिमुकला हात सही करायला पुढे आला.