पुलावरचे सांताक्लॉज

उद्या अकरा नोव्हेंबर, अमेरिकेतला माजी सैनिकांचा दिवस. आणि आजच नगरपालिकेचा माणूस शिडी लावून, गावाच्या प्रत्येक पोस्टकार्डावर झळकणाऱ्या त्या जुन्या लोखंडी पुलाच्या खांबांवरून गावच्या सैनिकांचे फोटो असलेले फलक उतरवत होता. त्यांच्या जागी टांगायचे प्लॅस्टिकचे सांताक्लॉज खाली पडले होते. म्हातारा लॉयड बघताक्षणी भडकला.

"लाज आहे का काही? अजून थँक्सगिव्हिंगची टर्कीसुद्धा कापली नाही, आणि तुम्हाला नाताळ सुचतोय?"

"माझ्यावर कशाला ओरडता, आजोबा? दुकानदारांना रोषणाई लवकर हवीय. वरून हुकूम आहे."

"आणि ही पोरं काय अडगळ आहेत?"

त्या माणसाचा हात थांबला. "तुमचं कोण आहे यांच्यात?"

लॉयडने समोरच्या फलकाकडे बोट केलं. गणवेशातला, मोठ्या कानांचा, हसरा पोरगा.

"भाऊ तुमचा?"

"मीच तो. व्हिएतनामला निघालो तेव्हाचा."

माणूस ओशाळला. "मग तुमचा राहू दे उद्यापर्यंत. कुणी विचारलंच तर विसरलो म्हणेन."

लॉयड आणखीच उखडला. "माझा काढ! सगळ्यात आधी माझा काढ. माझं थोबाड गाव रोज बघतंय. त्या पलीकडच्या ड्वेनला हात लावायचा नाही. आम्ही बरोबर गेलो होतो. त्याची हाडंसुद्धा परत आली नाहीत. या गावात उभं राहायला त्याला तेवढा एकच खांब आहे."